बाळ काचेत आहे: एनआयसीयूबाहेर बसलेल्या आईबाबांचे नेहमीचे प्रश्न

माझा मुलगा तिसाव्या आठवड्यात जन्मला. वजन १,१८० ग्रॅम. पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, एनआयसीयूत म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, आम्ही ४७ दिवस काढले. आता तो दुसरीत आहे आणि डब्यातली भाजी रोज परत आणतो. तेव्हापासून ओळखीतल्या आणि ओळखीच्यांच्या ओळखीतल्या लोकांचे फोन येतात. बहुतेक रात्री अकरानंतर, आणि बहुतेक बाबांचे. प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. मी डॉक्टर नाही. औषधपाण्याचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारायचं.

"बाळाला काचेत ठेवलंय" म्हणजे नेमकं काय?

काच म्हणजे इनक्युबेटर, आपली पेटी. काही बाळं वरून उघड्या वॉर्मरवर असतात, त्यालाही घरचे काचच म्हणतात. ३७ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाच्या अंगावर पुरेशी चरबी नसते, त्यामुळे त्याला स्वतःची ऊब धरून ठेवता येत नाही. पेटीचं पहिलं काम ऊब देण्याचं.

बाकीचं सगळं बाळागणिक वेगळं. कुणाची फुप्फुसं अजून चिकटून बसतात, कारण ती उघडी ठेवणारं सर्फॅक्टंट तयार झालेलं नसतं. कुणाला जंतुसंसर्ग असतो, तर कुणाला नुसती कावीळ, आणि ते निळ्या दिव्याखाली दोन दिवस पडून घरी जातं. नऊ महिने भरलेलं, तीन किलोचं बाळही पोटात शी करून ती श्वासात गेल्यामुळे आत येऊ शकतं. म्हणून बाहेरच्या बाकावर "तुमचं किती ग्रॅमचं?" ही तुलना सुरू झाली की चहा प्यायला खाली जावं.

पहिल्यांदा आत जाताना काय होईल?

चप्पल बाहेर. घड्याळ, अंगठ्या, बांगड्या काढायच्या. कोपरापर्यंत हात धुवायचे, अंगात गाऊन.

माझं डोहाळजेवण होऊन नऊच दिवस झाले होते. हातात हिरवा चुडा होता. सिस्टर म्हणाल्या, बांगड्या काढाव्या लागतील. हात सुजलेले, निघेनात. मग बेसिनपाशी साबण लावून एकेक काढली. दोन वाढवल्या. त्या सिस्टरांनी काचा एका कागदात गोळा केल्या आणि म्हणाल्या, "घरी आल्यावर नव्या भरा, तो बघायला असेल." तेवढ्या एका वाक्यावर मी आत गेले.

आत पहिल्यांदा बाळ दिसतच नाही, नळ्या दिसतात. नाकात सीपॅपची, म्हणजे हवेच्या दाबाने श्वासाला आधार देणारी, तोंडातून पोटात जाणारी दुधाची, बेंबीत किंवा हाताला सलाइनची. सिस्टरांना सरळ विचारा, "ही कशाची?" एकदा प्रत्येक नळीचं काम कळलं की मधे बाळ दिसायला लागतं. माझ्या मुलाच्या कानावर लव होती आणि कान कागदासारखा दुमडत होता. मला पहिल्या दिवसातलं तेवढंच आठवतं.

मशीन सारखं वाजतं आणि कुणी धावत येत नाही. हे काय?

बऱ्याचदा पायाला बांधलेला, लाल उजेडाचा सॅच्युरेशनचा (रक्तातल्या ऑक्सिजनचा) प्रोब सैल झालेला असतो. सिस्टर लांबून आधी बाळाचा रंग बघतात, मग आकडा. आपणही तीच सवय लावावी.

ऑक्सिजनवर असलेल्या कमी दिवसांच्या बाळाचं सॅच्युरेशन साधारण ९० ते ९५ मध्ये ठेवतात. "शंभर का नाही?" असं भांडण मीही केलंय. जास्तीचा ऑक्सिजन अशा बाळांच्या डोळ्यांना बाधतो, हे नंतर कळलं. शिवाय ही बाळं मधेच श्वास घ्यायलाच विसरतात. सिस्टर तळपायाला टिचकी मारतात आणि गाडी परत सुरू होते. त्यासाठी कॅफिन देतात. हो, कॉफीतलंच. महिना-दीड महिन्यात मेंदू पिकत जातो आणि विसरणं कमी होतं.

डॉक्टर रोज "स्टेबल आहे" एवढंच सांगतात. यातून काय समजायचं?

काल होतं त्याहून बिघडलेलं नाही, इतकंच. याहून जास्त हवं असेल तर प्रश्न बारीक करावे लागतात. आम्ही शाळेची दोनशे पानी वही केली आणि रोज तेच चार प्रश्न विचारले: वजन किती, दूध किती मिली आणि पचतंय का, श्वासाला आधार किती लागतोय, आज नवीन काय सुरू केलं किंवा बंद केलं. डॉक्टरांनाही हे बरं पडतं. "कसा आहे हो तो?" याला त्यांच्याकडे तरी काय उत्तर असणार?

पहिल्या आठवड्यात वजन उतरतं, दहा टक्के, कधी त्याहून थोडं जास्तही. दहा-चौदा दिवसांत ते जन्माच्या वजनावर परत येतं. रक्ताच्या कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात, तोवर अँटिबायोटिक चालू असतं. रिपोर्ट लपवत नाहीयेत, जंतू वाढायलाच तेवढा वेळ लागतो.

बाळाला हात लावला तर इन्फेक्शन होईल ना?

हात धुतले असतील तर लावा. लावायलाच हवा. कुरवाळू मात्र नका. कमी दिवसांच्या त्वचेला बोटं फिरवलेली सोसत नाहीत. एक तळवा डोक्याला, एक पायांना, असं नुसतं धरून ठेवायचं, गर्भातल्यासारखं.

आणि कांगारू मदर केअरचं पहिल्या आठवड्यातच विचारा. बाळाला फक्त लंगोट आणि टोपी घालून आईच्या उघड्या छातीवर उभं ठेवायचं, वरून कापड बांधायचं. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या कमी पडत होत्या, एकेका पेटीत दोन-दोन, तीन-तीन बाळं ठेवावी लागत. तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी हा मार्ग काढला. गरिबांची सोय म्हणून सुरू झालेली गोष्ट पुढे पेटीला भारी ठरली. दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय ज्यात होतं, तो पाच देशांतला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. जन्मल्यापासून लगेच छातीवर घेतलेल्या १,००० ते १,७९९ ग्रॅमच्या बाळांमध्ये मृत्यू पंचवीस टक्क्यांनी कमी झाले. जागतिक आरोग्य संघटना आता दिवसाचे ८ ते २४ तास सांगते.

इथे माझी तक्रार आहे आणि ती मी लपवणार नाही. आम्ही होतो तिथे आईला दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं आत सोडत. मी सोळाव्या दिवशी "कांगारू" हा शब्द पहिल्यांदा ऐकला, तोही शेजारच्या बाकावरच्या इंदापूरच्या ताईकडून. तिच्या गावच्या आशा कार्यकर्तीने तिला सांगितला होता. मी विचारलं तेव्हा उत्तर आलं, "घ्या की, आम्हाला वाटलं तुम्ही घाबराल." त्यामुळे वाट बघू नका, विचारा. वेळ दहा मिनिटांचीच असेल तर का, हेही विचारा. आपण पेशंटला भेटायला आलेले पाहुणे नाही. दूध आपलं आहे, ऊबही आपलीच लागणार आहे.

बाबांची छातीही चालते. आमच्याकडे तर त्याच्याच छातीवर सॅच्युरेशन जास्त टिकायचं, हे मी अजून पूर्ण माफ केलेलं नाही.

मला दूधच येत नाहीये. बाळ पीत नाही तर येणार कुठून?

काढल्याने येतं. प्रसूतीनंतर पहिल्या काही तासांतच हाताने काढायला सुरुवात करा. पहिले दोन-तीन दिवस चीक येतो, थेंबाथेंबाने. दोन मिलीच्या सिरिंजमध्ये पाव भरला तरी सिस्टरांकडे द्या. तो वाया जात नाही. निदान बाळाच्या तोंडात गालाला आतून लावतात.

दर दोन-तीन तासांनी, दिवसातून आठ वेळा तरी काढायचं. त्यातलं एकदा रात्री. स्तन रिकामा झाला की शरीराला कळतं की मागणी आहे. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शतावरी हे खुशाल खा. आईनं केलेला अळिवाचा लाडू तेवढ्यापुरता बरं वाटायला लावतो. पण लाडू खाऊन दूध काढलंच नाही, तर लाडू अंगाला लागतो, एवढंच.

घरून दूध नेणाऱ्यांसाठी: उकळलेली डबी, त्यावर आईचं नाव, तारीख, वेळ. बर्फ घातलेला रुंद तोंडाचा थर्मास पुरतो. हडपसरहून रास्ता पेठेत यायला दुपारी किती वेळ लागतो ते तुम्हाला ठाऊक आहे, त्या हिशेबाने बर्फ घाला. गणपतीत तर दुप्पट. विसर्जनाच्या दिवशी आमचा थर्मास टिळक रोडच्या कडेकडेने पायी गेला.

चोखणं, गिळणं आणि श्वास, या तिन्हींची सांगड साधारण ३४ आठवड्यांच्या सुमाराला बसते. त्याआधी नळीने, मग वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने आणि मग अंगावर. आजीला बोंडलं दाखवा, तिला हुरूप येतो. त्या खोलीत तिला वापरता येणारी एवढी एकच वस्तू असते.

दुसऱ्या आईचं दूध देऊ का म्हणतात. चालेल?

आपलं पुरत नसेल तर मिल्क बँकेचं दूध हा पावडरच्या आधीचा पर्याय. दूध देणाऱ्या आयांच्या रक्ताच्या तपासण्या होतात, दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून जंतुमुक्त केलं जातं. आशियातली पहिली मिल्क बँक मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ मध्ये सुरू झाली. पुण्यात ससूनमध्ये आहे, दीनानाथ मंगेशकरमध्ये आहे. व्हॉट्सअॅपवर "कुणाला जास्त दूध येतं का" विचारून मैत्रिणीकडून थेट आणलेलं दूध मात्र नको, मैत्रीण कितीही जवळची असो.

सासूबाई म्हणतात सव्वा महिना उंबरठा ओलांडायचा नाही. आणि पाचवीचं काय?

बाळंतिणीने विश्रांती घ्यावी हे खरंच. पण सव्वा महिना घरात बसलात तर दूध आणि छाती दोन्ही घरात बसतात. मी सासूबाईंना डॉक्टरांशीच बोलायला लावलं. सुनेचं ऐकायचं नसतं, पण डॉक्टरांचं ऐकायला हरकत नसते.

पाचवीला सटवाई येऊन कपाळावर नशीब लिहिते म्हणतात. आमच्या आजेसासूबाईंनी त्या रात्री कोरा कागद आणि पेन पाटावर ठेवलं, बाळ नसताना. "तिला काय, रुग्णालय माहीत नसेल होय?" म्हणाल्या. पूजा घरी होऊ शकते. काळा दोरा, अंगारा, लसणाची माळ पेटीत नको. दोरा बोटात अडकतो, अंगारा श्वासात जातो. मीठ-मोहरी फोटोवरून उतरवा. बारसं घरी आल्यावर, केव्हाही.

आणि कुणीही, कितीही प्रेमाने, मध चाटवायचा नाही. एक वर्षापर्यंत नाही. बाळगुटीही नाही.

बिल बघून पोटात गोळा येतो. काय करता येईल?

पहिल्या दिवशीच तीन गोष्टी लेखी मागा: बेडचा रोजचा दर, व्हेंटिलेटर किंवा सीपॅपचा वेगळा दर आणि ठेवावी लागणारी आगाऊ रक्कम. सर्फॅक्टंटचा एक डोसच हजारांत जातो, त्यामुळे पहिल्या दोन दिवसांचं बिल सगळ्यांत उंच असतं. ते बघून पुढच्या चाळीस दिवसांचा गुणाकार करू नका. आम्ही केला होता आणि रात्रभर जागलो.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत नवजात बाळांच्या अतिदक्षता उपचारांची पॅकेजं आहेत, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. रुग्णालय योजनेत हवं. तळमजल्यावर आरोग्यमित्राचं (योजनेच्या मदतनीसाचं) टेबल शोधा, सोबत रेशनकार्ड आणि आधार. हेल्पलाइन १५५३८८. हे दाखल झाल्या झाल्या करा. डिस्चार्जच्या दिवशी टेबलापाशी गेलेल्यांना हात हलवत परत येताना मी पाहिलंय.

धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवायच्या असतात. कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. पुण्यातली बरीच मोठी खासगी रुग्णालयं धर्मादाय आहेत, पाटीवर लिहिलेलं असतं. समाजसेवा विभागात जा आणि अर्ज लेखीच द्या, तोंडी विचारणा हवेत विरते.

सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या आणि ने-आण मोफत आहे, २०११ पासून. ससूनमध्ये गर्दी असते, हे खरं. पण अगदी कमी वजनाची बाळं सांभाळायचा हातही तिथे रोजचा आहे. हलवायचं ठरलं तर डॉक्टरांनी आधी फोन करून जागा पक्की करावी आणि बाळ पेटी असलेल्या अॅम्ब्युलन्समधूनच जावं.

नोकरीवाल्यांसाठी: बाळंतपणाची भरपगारी रजा २६ आठवडे, आणि अकाली प्रसूतीमुळे आजारपण आलं तर दाखल्यावर आणखी एक महिना, हे कायद्यात आहे. हिंजवडीतल्या एचआरलाही कधीकधी सांगावं लागतं. कंपनीच्या विम्यात बाळाचं नाव घालायची मुदत त्याच दिवशी विचारून घ्या.

बाबांनी काय करायचं?

औषधं आणायची, रांगा लावायच्या, सह्या करायच्या, हे न सांगता अंगावर येतंच. पण आईला टाके असतात, तेव्हा पहिले दोन दिवस बाळाला बघणारे तुम्ही एकटेच असता. फोटो काढायची परवानगी मागा, वर तिला नेऊन दाखवा. खोटं काही सांगू नका. "ठीक आहे" असं तुम्ही ज्या चेहऱ्याने म्हणता, त्यावरून तिला सगळं कळतं.

जिन्यात रडणारे बाबा मी पुष्कळ पाहिले. सगळे फोनवर बोलत असल्याचं नाटक करत होते.

मला बाळाबद्दल काहीच वाटत नाही. मी वाईट आई आहे का?

नाही. प्रेम कधीकधी आधी घाबरून दडी मारून बसतं. मला ते एकविसाव्या दिवशी वाटलं, तोवर मी एक काम करत असल्यासारखी जात-येत होते.

पहिले दहा-पंधरा दिवस कारण नसताना रडू येणं बहुतेकींना होतं. त्यानंतरही झोप नाही, भूक नाही, सारखं स्वतःला दोष देणं, मरणाचे विचार असं चालू राहिलं, तर ते आजारपण आहे आणि त्यावर उपचार आहेत. मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन टेलि-मानस, १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलतात. बाबांनाही होतं, फक्त ते त्याला अॅसिडिटी म्हणतात.

शेजारच्या पेटीतलं बाळ गेलं. आम्ही काय बोलायचं?

काही नाही. त्या आईने आठवडाभर आपल्याशी बाक वाटून घेतलेला असतो. पाण्याची बाटली भरून द्या, शेजारी बसा.

डोळे तपासायला सांगितलेत. आता तर बाळ बरं आहे, मग?

हे टाळायचं नाही. ३४ आठवड्यांच्या आत किंवा २,००० ग्रॅमच्या खाली जन्मलेल्या बाळाच्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या चुकीच्या वाढू शकतात. बाहेरून काही दिसत नाही. पहिली तपासणी जन्मापासून तीस दिवसांच्या आत, अगदी लहान बाळांची दोन-तीन आठवड्यांतच. वेळेत लेसर झालं तर नजर वाचते, उशीर झाला तर परत येत नाही. महंमदवाडीच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात हे काम नेहमीचं आहे. तिसावा दिवस डिस्चार्जनंतर येत असेल तर तारीख फ्रीजवर चिकटवा. कानांची तपासणीही त्याच कागदावर.

घरी कधी सोडणार?

तारखेवर नव्हे, बाळाच्या करामतीवर. पेटीबाहेर ऊब टिकवतं, तोंडाने पूर्ण दूध घेतं, रोज वजन वाढतं आणि काही दिवस श्वास विसरलेलं नाही, की सोडतात. अनेकदा मूळ ड्यू डेटच्या आगेमागे किंवा दोन-चार आठवडे आधी. जायच्या आधी एक रात्र बाळासोबत तिथेच राहू द्या म्हणा. बऱ्याच ठिकाणी सोय असते.

घरी आल्यावर काय सांभाळायचं?

पाहुणे. बाकी सगळं त्यानंतर.

आम्ही दारावर पाटी लावली: "बाळ झोपलंय. तुम्हीही घरी जा." पुणेरी म्हणून लोक हसले आणि खरंच गेले. सर्दी-खोकला असलेलं कुणीही खोलीत नको, सख्खी आत्याही नको. ओवा-वावडिंगाची धुरी नको, फुप्फुसं नुकतीच शहाणी झालेली असतात. डिसेंबर-जानेवारीत पुण्याचा पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा टोपी, मोजे आणि कांगारू चालूच ठेवा.

दूध प्यायचं बंद केलं, अंग गार पडलं, श्वास मिनिटाला साठच्या वर गेला, छाती आत ओढली जातेय, ओठ निळे पडलेत, झटके येताहेत किंवा उठवूनही उठत नाही, तर फोनाफोनी न करता थेट रुग्णालय. गाडी नसेल तर १०८.

पुढे हुशार होईल ना?

हा प्रश्न आजोबा विचारतात. पुण्यातच याचं बरंच जुनं उत्तर आहे. केईएम रुग्णालयातल्या डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ मध्ये जन्मलेली, २,००० ग्रॅमच्या आतली, एनआयसीयूतून घरी गेलेली बाळं अठरा वर्षांची होईपर्यंत तपासली. बाराव्या वर्षी त्यांचा सरासरी बुद्ध्यांक सामान्य मर्यादेत होता, पूर्ण वजनाच्या मुलांपेक्षा मात्र कमी. गणित आणि हातांची कौशल्यं यांत काहींना अडचण होती. म्हणून फॉलोअपच्या तारखा चुकवायच्या नाहीत. मान धरणं, बसणं उशिरा होतंय असं वाटलं तर व्यायाम लवकर सुरू होतात, आणि लवकर सुरू झालेल्यांचा फायदा जास्त होतो.

वय कुठून मोजायचं?

वाढीसाठी ड्यू डेटपासून, दोन वर्षांचं होईपर्यंत. दोन महिने आधी आलेलं बाळ सहा महिन्यांचं असताना त्याच्याकडून चार महिन्यांच्या बाळाची अपेक्षा धरायची. लसी मात्र खऱ्या जन्मतारखेने, डॉक्टर सांगतील तो अपवाद सोडून.

आमच्याकडे दोन्ही तारखा कॅलेंडरवर आहेत. दुसरीला केक नसतो, फक्त मी त्या दिवशी हिरव्या बांगड्या भरते आणि तो विचारतो, "आज कुणाचं लग्न आहे?"